दुसऱ्याच्या मनाचा तास



स्मृतिव्याख्यानासाठी मोठा विषय घ्यावा असा आपल्याकडे रिवाज आहे. लोकशाहीचं भवितव्य, मराठवाड्याचं पाणी, साहित्य आणि समाज. मी आज फार अरुंद प्रश्न घेऊन उभा आहे. स्वमग्न मुलांना, म्हणजे ज्यांना आपण हल्ली सर्रास ऑटिस्टिक म्हणतो त्या मुलांना, ‘दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार कर’ असे धडे दिले, तर त्यांचं चारचौघांतलं वागणं सुधारतं का? एवढाच प्रश्न. पण हा अरुंद दरवाजा ज्या घरात उघडतो ते घर बरंच मोठं आहे, हे तासाभरात तुमच्या ध्यानात येईल अशी आशा आहे.

हा प्रश्न माजलगावात का विचारायचा? कारण तो आता इथल्या घरांत येऊन पोचला आहे. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ते पक्कं बसलं. 2013पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमधून मुलांची तपासणी करतात. ढोबळमानाने शंभर मुलांत एक स्वमग्न असतं असं जगभरचे अभ्यास सांगतात. म्हणजे पाचशे पटाच्या शाळेत पाच. नाव मिळालं की घरचे विचारतात, ‘आता करायचं काय?’ मग पुणे, छत्रपती संभाजीनगर, कधी मुंबई. तिथून परत येताना हातात एक फाइल असते आणि तिच्यात थेरपीची यादी. त्या यादीत हल्ली ‘सामाजिक कौशल्यं’ नावाची एक ओळ असते. या ओळीखाली नक्की काय शिकवलं जातं आणि त्यातलं किती पदरात पडतं, हे विचारण्याचा हक्क पैसे मोजणाऱ्या बापाला आहे. शिक्षकाला आहे. आणि मुलाला तर आहेच आहे.

आधी या धड्यांचा जन्म बघू. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन केलं आणि स्वमग्नता वैद्यकाच्या पुस्तकात आली. ही मुलं माणसांपासून दूर का राहतात, याचं उत्तर मात्र पुढची चाळीस वर्षं कुणाला नीट देता येत नव्हतं. मधल्या काळात काही मोठ्या लोकांनी चक्क आईला दोषी धरलं, थंड स्वभावाची आई म्हणून मूल असं झालं म्हणाले. त्या पापाचं परिमार्जन अजून व्हायचंच आहे. मग 1978मध्ये प्रेमॅक आणि वुड्रफ या दोघांनी एक विचित्र वाटणारा प्रश्न विचारला: दुसऱ्याच्या मनात काहीतरी आहे, हे चिंपांझीला कळतं का? चिंपांझीपासून तो प्रश्न मुलांकडे आला. 1983मध्ये व्हिमर आणि पर्नर यांनी लहान मुलांसाठी त्याची चाचणी बनवली आणि 1985मध्ये लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी तीच चाचणी स्वमग्न मुलांसमोर मांडली. दोन बाहुल्या. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. अ‍ॅन ती गोटी काढून डब्यात टाकते. सॅली परत येते. आता सॅली गोटी कुठे शोधेल? गोटी डब्यात आहे हे आपल्याला माहीत आहे, पण सॅलीला ते माहीत नाही. म्हणून ती टोपलीतच हात घालणार. चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं हे बरोबर सांगतात. वीस स्वमग्न मुलांपैकी सोळांनी ‘डबा’ म्हटलं.

या प्रयोगातली खरी ठिणगी वेगळीच होती. त्याच प्रयोगात डाउन सिंड्रोमची चौदा मुलंही होती. बुद्धीच्या चाचणीत ती या स्वमग्न मुलांपेक्षा मागे होती, तरी त्यांतल्या बाराजणांनी बरोबर उत्तर दिलं. म्हणजे अडचण सरसकट बुद्धीची नव्हती. ती दुसऱ्याचं मन वाचण्यापुरती, तेवढ्याच जागची होती. केवढं सुबक उत्तर! आणि त्यातून निघालेला पुढचा विचारही तितकाच सुबक होता: या मुलांत एक गोष्ट कमी आहे, ती शिकवा, बाकीचं आपोआप जुळून येईल. विज्ञानात सुबक गोष्टींपासून जरा जपूनच राहावं. कुणी म्हणेल, ही चाचणीच परदेशी, सॅली नि अ‍ॅन आपल्या मुलांना काय ठाऊक? तो आक्षेप फार टिकत नाही. 2005 साली कॅनडा, भारत, पेरू, सामोआ आणि थायलंड अशा पाच ठिकाणी याच जातीची चाचणी घेतली गेली आणि सगळीकडे मुलं पाच वर्षांच्या आसपास ती पार करताना दिसली. चाचणी ठीक आहे. तिच्यावर उभारलेल्या इमारतीकडे मात्र नीट बघायला हवं.

तर, शिकवून काय झालं? 1995मध्ये अमेरिकेत ओझोनॉफ आणि मिलर यांनी नऊ किशोरवयीन मुलगे घेतले. पाचजणांना काही महिने आठवड्याला एक असे वर्ग दिले, चारजणांना दिले नाहीत. वर्गात जाणारी मुलं मनाबद्दलच्या चाचण्यांत पुढे गेली. मग त्यांच्या आईवडिलांना आणि शिक्षकांना विचारलं: वागण्यात फरक दिसतो का? त्यांच्या उत्तरांत फरक सापडला नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॅडविन आणि तिच्या सहकाऱ्यांनी तीस मुलांना सलग आठ दिवस, रोज अर्धा तास शिकवलं. काहींना भावना ओळखायला, काहींना दुसऱ्याची समजूत ओळखायला. जे शिकवलं ते मुलं शिकली. पण 1997मध्ये त्याच मुलांचं बोलणं तपासलं तेव्हा गप्पा मारण्याची पद्धत तशीच होती. ‘त्याला वाटतं’, ‘तिला माहीत नाही’ असे शब्द वाढले नव्हते. कुणी कॉम्प्युटरवर सॅलीचा खेळ शिकवला. मुलं कॉम्प्युटरवर पास झाली, प्रश्न जरा वेगळ्या वेशात आला की अडखळली. कुणी ‘माणसाच्या डोक्यात फोटो असतो’ अशी युक्ती शिकवली. तीही मुलांनी पटकन आत्मसात केली आणि तीही त्या प्रश्नापुरतीच राहिली. 2011मध्ये नेदरलँड्समध्ये बेगेर यांच्या गटाने आठ ते तेरा वयाच्या चाळीस मुलांवर रीतसर चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला, सोळा आठवडे शिकवलं. मनाबद्दलची जाण चाचणीत वाढली. आईवडिलांनी नोंदवलेलं सामाजिक वागणं होतं तिथंच राहिलं. आणि 2014मध्ये कॉक्रेन या संस्थेने, जी अशा प्रयोगांची निष्ठुर छाननी करण्यासाठीच ओळखली जाते, बावीस प्रयोग आणि जवळजवळ सातशे माणसं एकत्र पाहिली. मनाबद्दलची काही कौशल्यं शिकवता येतात, याला थोडा आधार मिळाला. ती टिकतात, एका जागेवरून दुसऱ्या जागी जातात, याला फारसा नाही. आणि एकूण पुराव्याचा दर्जाच हलका.

वीस वर्षं, वेगवेगळे देश, वेगवेगळ्या पद्धती, आणि निकाल पुन्हा पुन्हा तोच. मुलं धडा शिकतात. धडा वागण्यात उतरत नाही. असं का व्हावं?

एक कारण चाचणीतच दडलेलं आहे. पहिल्या प्रयोगातली चार स्वमग्न मुलं पास झाली होती, हे लोक विसरतात. फ्रान्चेस्का हॅपे यांनी 1995मध्ये दाखवलं की साधारण मूल चार वर्षांच्या भाषेवर ही चाचणी पार करतं, स्वमग्न मुलाला मात्र त्यासाठी नऊ वर्षांच्या मुलाएवढी भाषा लागते. म्हणजे ते मूल ही चाचणी भाषेच्या जोरावर, पायरी पायरीने सोडवतं: सॅली बाहेर होती, तिने पाहिलं नाही, ज्याने पाहिलं नाही त्याला कळत नाही, म्हणून टोपली. उत्तर बरोबर. पण शाळेच्या मैदानावर असा सावकाश विचार करायला वेळ कोण देतं? मधल्या सुट्टीत एकजण डोळा मारतो, दुसरा हसतो, तिसरा म्हणतो ‘चल रे’, आणि हे सगळं दोन सेकंदांत घडतं. तिथे कुणी बाहुल्या मांडत नाही, प्रश्न विचारत नाही, प्रश्न कधी सुरू झाला हेसुद्धा सांगत नाही. वर्गात शिकलेली पायरी मैदानावर वापरायची, तर आधी ती कुठे वापरायची हे कळायला हवं. आणि नेमकं तेच शिकवलेलं नसतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका हाताने टाळी वाजत नाही, हे आपण रोज म्हणतो आणि इथे मात्र विसरतो. दोन माणसांत समजुतीचा घोटाळा झाला तर तो एकाच्याच डोक्यात कसा असेल? डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 2012मध्ये हाच मुद्दा ठणकावून मांडला: स्वमग्न माणसाला बाकीच्यांचं मन कळत नाही, तसं बाकीच्यांनाही स्वमग्न माणसाचं मन कळत नाही, घोटाळा दुतर्फा आहे. हे नुसतं वक्तृत्व आहे का? नाही, त्याला प्रयोगांचा आधार आहे. 2016मध्ये इंग्लंडमध्ये एलिझाबेथ शेपर्ड यांच्या गटाने लोकांना छोटे व्हिडिओ दाखवले. व्हिडिओतल्या माणसाला कुणी विनोद सांगितला होता, कुणी ताटकळत ठेवलं होतं, कुणी कौतुक केलं होतं. फक्त त्याचा चेहरा बघून काय घडलं ते ओळखायचं. स्वमग्न माणसांच्या बाबतीत बघणाऱ्यांना ओळखणं एकूण जड गेलं. त्यांचे चेहरे कोरे होते म्हणून? तसं नाही, भावना दिसत होत्या. फक्त त्या बघणाऱ्यांच्या ओळखीच्या पद्धतीने उमटत नव्हत्या. आता सांगा, या परीक्षेत नापास कोण झालं? 2017मध्ये अमेरिकेत सॅसन आणि सहकाऱ्यांनी याहून बोचरं काहीतरी दाखवलं. स्वमग्न माणसाची काही सेकंदांची चित्रफीत बघून लोक म्हणत, याच्याशेजारी बसायला, याच्याशी बोलायला मला विशेष आवडणार नाही. पण त्याच बोलण्याचा मजकूर कागदावर लिहून दिला, की हा फरक नाहीसा होई. बोलण्यात खोट नव्हती. खोट पाहण्यात होती.

एडिंबरामध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी 2020मध्ये आपला लहानपणीचा कानगोष्टींचा खेळ प्रयोगशाळेत आणला. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्याने तिसऱ्याला. सगळे स्वमग्न असलेली साखळी बाकीच्यांच्या साखळीइतकीच तपशील टिकवून होती. घसरण झाली ती मिश्र साखळीत. इथे प्रामाणिकपणाने एक गोष्ट सांगायला हवी. पुढे जास्त माणसं घेऊन हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही. म्हणजे दरी दोन्ही बाजूंची आहे हा मुद्दासुद्धा सगळीकडे सारख्या खोलीचा नाही. पण दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट कायम राहिली: स्वमग्न माणसं एकमेकांना समजावून सांगू शकतात, समजून घेऊ शकतात. ज्यांच्यात ‘मन वाचण्याचं यंत्रच नाही’ असं चाळीस वर्षं सांगितलं गेलं, त्यांच्याकडून हे कसं घडलं?

मन वाचायला माणूस शिकतो तरी कुठे? स्वमग्न मुलांपासून थोडं बाजूला होऊन बहिऱ्या मुलांकडे बघितलं तर उत्तराचा एक धागा हाती लागतो. 1995मध्ये ऑस्ट्रेलियात पीटरसन आणि सीगल यांनी पाहिलं की ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेली बहिरी मुलं सॅलीच्या प्रश्नात मोठ्या प्रमाणात चुकतात. घरात जन्मापासून हातवाऱ्यांची खरी भाषा असलेली बहिरी मुलं मात्र चुकत नाहीत. मेंदू तोच, कान तसेच बंद, फरक कशाचा? गप्पांचा. ‘आजी रागावली कारण तिला वाटलं तू पडलास’ असली वाक्यं ज्याच्या वाट्याला आलीच नाहीत, त्याने मनाची भाषा शिकायची कुठून? निकाराग्वामध्ये तर बहिऱ्या मुलांनी शाळेत एकत्र येऊन स्वतःची नवी खूणभाषा घडवली. तिच्या पहिल्या पिढीतल्या मोठ्या माणसांना दुसऱ्याच्या चुकीच्या समजुतीबद्दलचे प्रश्न जड जात. काही वर्षांनी, धाकट्या पिढीबरोबर गप्पा मारून मनाबद्दलचे शब्द त्यांच्या भाषेत आले, तेव्हा तीच माणसं तेच प्रश्न सोडवू लागली. 2009मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यांना कुणी वर्ग दिला नव्हता. स्वमग्न मूल म्हणजे बहिरं मूल नव्हे, त्याची जन्मजात घडण वेगळी आहे, हे मला मान्य आहे आणि ही तुलना मी फार ताणणार नाही. पण दुसऱ्याच्या मनाची जाण माणसांच्या रोजच्या, परतून येणाऱ्या बोलण्यात वाढते, हे यातून दिसतं. मूल काही करतं, समोरचा त्याला धरून काही बोलतो, मूल पुन्हा काही करतं. ही ये-जा जिथे तुटते तिथे जाण खुंटते. आणि स्वमग्न मुलाच्या बाबतीत ती सगळ्यात आधी कुठे तुटते? घरात, आपल्याच हातून, अगदी प्रेमापोटी. मूल बोलत नाही म्हणून आपण सतत त्याला विचारत सुटतो: हे काय आहे? रंग कोणता? आत्याला नमस्ते कर. मूल मात्र दुसरीकडेच, पंख्याकडे बघत असतं.

म्हणूनच मला आपल्या शेजारच्या गोव्यातला एक प्रयोग या सगळ्या चर्चेत सर्वांत मोलाचा वाटतो. गोव्यातली संगथ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीची एक संस्था, दोन्हीकडे मिळून दोन ते नऊ वर्षांच्या पासष्ट स्वमग्न मुलांवर हा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2016मध्ये लॅन्सेटच्या मनोविकारविषयक नियतकालिकात आले. पद्धत मूळची इंग्लंडची. तिथे ती तज्ज्ञ वाचाउपचारक राबवत. इथे साधी शिकलेली, तज्ज्ञ नसलेली माणसं प्रशिक्षण देऊन उभी केली. पंधरा दिवसांनी एक, अशा बारा बैठका. आई किंवा बाप मुलाशी खेळतो, त्याचा व्हिडिओ घेतात, मग तो व्हिडिओ आईबापांसोबत बसून बघतात. इथे बघा, त्याने तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही खाली बघत होता. इथे त्याने गाडी फिरवली आणि तुम्ही ‘गाडी फिरली’ म्हणालात, लगेच त्याने ती तुमच्याकडे ढकलली. बस्स, एवढंच. मुलाला कुठलाही धडा नाही. शिकवणी आईवडिलांची: मुलाचं लक्ष कुठे आहे ते ओळखा, तिथे जा, तिथून बोला. दुसऱ्याच्या जागी जाऊन बघण्याचं प्रशिक्षण हेच की! फक्त ते मोठ्या माणसाला दिलं. निकाल काय आला? आईवडिलांचं मुलाच्या कलाने बोलणं ठळकपणे वाढलं आणि मुलाने आपणहून संवाद सुरू करणंही वाढलं. एक मोजमाप उलट गेलं, तेही सांगतो: दोघांनी एकाच वस्तूकडे मिळून लक्ष देण्याचा वेळ थोडा घटला. तरीही ज्या मुलाबद्दल तक्रारच ही असते की ते स्वतःहून काही म्हणत नाही, ते म्हणू लागलं. इंग्लंडमध्ये हीच पद्धत 152 मुलांवर आजमावली होती आणि सहा वर्षांनी पाहिलं तेव्हाही तिचा परिणाम पुसला गेलेला नव्हता. वर्गातल्या धड्यांना जे टिकणं जमलं नाही, ते इथे का जमलं? कारण धडा संपतो. आई संपत नाही, ती रोज असते.

घरानंतर शाळा. 2012मध्ये लॉस एंजेलिसमध्ये कॉनी कसारी यांनी नेहमीच्या शाळांत शिकणाऱ्या साठ स्वमग्न मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना थेट सामाजिक कौशल्यं शिकवली. काहींच्या बाबतीत त्या मुलाला हातच लावला नाही. त्याच्या वर्गातल्या तीन पोरांना सहा आठवड्यांत बारा छोट्या बैठका दिल्या, एकटं पडलेलं मूल कसं हेरायचं, खेळात कसं ओढायचं, याच्या. जिंकलं कोण? ज्यांच्या वर्गमित्रांना शिकवलं ती मुलं. वर्गात त्यांची दखल वाढली, ‘माझा मित्र’ म्हणून त्यांचं नाव जास्त जणांनी घेतलं, मैदानावरचं एकटेपण कमी झालं आणि तीन महिन्यांनीही हे टिकून होतं. पण सावध! वर्गमित्रांना शिकवणं म्हणजे 2 एप्रिलला, जागतिक स्वमग्नता दिनाला, निळ्या रंगाचं पोस्टर लावून भाषण ठोकणं नव्हे. स्वमग्नतेबद्दल माहिती देणारं प्रशिक्षण मोठ्या माणसांना दिलं, तर त्यांची उघड मतं सुधारतात. आत खोल बसलेल्या प्रतिक्रिया मात्र जागच्या हलत नाहीत, असं 2021मध्ये अमेरिकेत दिसलं. पाहा, तीच गत! त्यांनीही धडा पाठ केला आणि परीक्षा दिली. जी मोजपट्टी मी मुलांच्या वर्गाला लावली तीच मोठ्यांच्या वर्गालाही लावली पाहिजे. तीन पोरांना मधल्या सुट्टीत करायचं काम मिळालं, म्हणून तिथे फरक पडला. नुसत्या माहितीने कुणाचंच वागणं बदलत नाही, ना स्वमग्न मुलाचं, ना आपलं.

आता आक्षेप. पहिला आक्षेप सभागृहातल्या शिक्षकांच्या मनात असणार: म्हणजे मुलाला काहीच शिकवायचं नाही? तसं मी म्हणत नाही. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत अलीकडेच जवळजवळ अडीचशे स्वमग्न मुलांवर ‘सोशल स्टोरी’ या पद्धतीचा मोठा प्रयोग झाला. ‘जेवणाच्या रांगेत मी माझा नंबर येईपर्यंत थांबतो, कारण पुढच्यालाही भूक लागलेली असते’ अशा प्रकारच्या, त्या एका मुलासाठी लिहिलेल्या छोट्या गोष्टी त्याला वाचून दाखवायच्या. एकूण सामाजिक वागणुकीचं मोजमाप हललं नाही. पण प्रत्येक मुलासाठी जे एकच ठरावीक काम ठरवलं होतं, ते या मुलांनी जास्त वेळा साधलं. यातून मला साधा अर्थ दिसतो: नेमकी जागा, नेमकी माणसं, नेमकं काम असेल तर शिकवलेलं कामी येतं. ‘सामाजिक कौशल्य’ नावाची एकच मोठी वस्तू मुलाच्या आत बसवता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त कडक आहे आणि तो बहुधा बापाच्या तोंडून येतो: ‘जग काही माझ्या पोरासाठी बदलणार नाही. उद्या मी नसेन. त्याला जगाचं मन ओळखता आलंच पाहिजे, नाहीतर लोक त्याला फसवतील, मारतील.’ या भीतीपुढे कुठलाही आकडा तोकडा पडतो. पण याच बापाला उलट विचारायचं आहे: ज्या शिकवण्याने जगाचं मन ओळखता येत नाही असं वीस वर्षांचे प्रयोग सांगतात, ते शिकवणं या भीतीवरचा इलाज कसा? फसवणुकीपासून वाचायचं तर ‘अनोळखी माणसाने पैसे मागितले की आधी आईला फोन’ हा थेट नियम जास्त उपयोगी आहे, आणि आपल्या माणसांना सगळं सांगायची सवय त्याहून उपयोगी. शिवाय रोज दुसऱ्यांसारखं वागून दाखवण्याची किंमत असते. मोठेपणी स्वतःचं स्वमग्नपण सतत लपवत जगणाऱ्या माणसांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार जास्त दिसतात, असे अभ्यास आहेत. लपवल्यामुळेच ते होतं, असं छातीठोक म्हणता येत नाही. पण डोळ्यांत बघ, हसून बोल, हात हलवू नकोस असा सराव करून घेणाऱ्याने ही शक्यता विसरू नये.

तिसरा आक्षेप आईचा: ‘आमच्या मुलाला वर्गाने फरक पडला, मी डोळ्यांनी बघते.’ पडला असेल. बावीस प्रयोगांचा दर्जा हलका आहे याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा लागतो. काही मुलांना होणारा खरा फायदा अशा लहान प्रयोगांत निसटूही शकतो. पण त्या वर्गाला मूल जायला लागल्यापासून घरात आणखी काय काय बदललं, तेही बघावं. आई त्याच्याशी वेगळं बोलायला लागली. बाप पहिल्यांदाच इतर स्वमग्न मुलांच्या बापांना भेटला. मुलाला त्याच्यासारखंच दुसरं मूल भेटलं. फरक यातल्या कशाने पडला? मला वाटतं, श्रेय बऱ्याचदा चुकीच्या खात्यात जमा होतं.

आणि आता आपल्या जिल्ह्याकडे. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातले लाखो ऊसतोड कामगार उचल घेऊन, मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उन्हाळा लागेपर्यंत निम्मं वर्ष फडावर, कोप्यांमध्ये जातं. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता मोजतात, पोरं त्यांच्याबरोबर जातात किंवा आजीकडे, हंगामी वसतिगृहात राहतात. जे मूल रोजच्या क्रमात जराही बदल झाला तरी बिथरतं, त्याच्यासाठी हे स्थलांतर काय असेल याची कल्पना करा. अशा घराला आठवड्याला एक असा सोळा आठवड्यांचा वर्ग कुठून परवडणार? दर आठवड्याला पुण्याला जाणार कोण? पण आईच्या अंगी आलेलं कौशल्य तिच्याबरोबर फडावर जातं. आजीच्या अंगी आलेलं गावात राहतं. तेच गोव्यातल्या त्या पद्धतीचं खरं बळ आहे. पहाटे फडात उतरणाऱ्या बाईला मुलाशी खेळायला वेळ कुठे, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. मुलाच्या कलाने बोलायला वेगळा तास लागतोच असं नाही. भाकरी भाजताना, अंघोळ घालताना, मोळ्या बांधून बैलगाडीत बसल्यावरही ते होतं. उरलेलं अर्धं उत्तर मजुरीच्या दरात आणि कामाच्या तासांत आहे, ते मानसशास्त्राकडे मागू नये.

तेव्हा माजलगावकरांकडे माझं मागणं एवढंच. तपासणी पथकाने मुलाचं नाव लिहून घेतलं की बीडच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत त्या घराला पोचवा, दिव्यांग प्रमाणपत्र आणि ‘निरामय’ या आरोग्य विम्याचा अर्ज भरायला मदत करा. या विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चात थेरपीही धरली जाते. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांनी भावना ओळखायला शिकवणाऱ्या, मुलाच्या वहीतल्या चेहऱ्यांच्या चित्रांवर जेवढा वेळ दिला, तेवढाच वेळ त्याच्या आईबरोबर आणि त्याच्या बाकावरच्या तीन पोरांबरोबर द्यावा. गोव्यात ज्यांनी हे काम केलं ती तुमच्या-आमच्यासारखीच साधी शिकलेली माणसं होती. त्या कामासाठी प्रशिक्षण लागतं, एक साधा मोबाइल कॅमेरा लागतो आणि पंधरा दिवसांतून एकदा थोडा वेळ लागतो. एवढं या तालुक्यात उभं करायला पुण्या-मुंबईची वाट बघण्याचं कारण नाही.